वाकणारी काठी

ओल्या बांबूचा वास आला की मुरुडमधलं आमचं अंगण आठवतं. अंदमानात ट्यूना मासेमारीच्या बोटीवर निघालेल्या भावानं दोन फायबरच्या गळकाठ्या मागवल्या होत्या, दोरी गुंडाळायचं चाक अजून न लावलेल्या. त्यातली एकच ठेवायची होती. “अप्पा, जाड हीच. मोडत न्हाई,” तो म्हणाला. जन्मभर त्या अंगणात बांबूच्या टोपल्या विणत आलेल्या वडिलांनी काठीच्या टोकाला पाण्याची घागर बांधून त्याला दोन्ही काठ्या एकेक करून उचलायला लावल्या. जाड काठी वाकेना, सगळा ताण त्याच्या कमरेत आला. बारीक काठी मधोमध वाकली आणि घागर अलगद वर आली. “मासा काठीनं थकवायचा, पैलवान, कमरेनं न्हाई!” वडील हसले. भावानं बारीक काठी ठेवली. गेल्या महिन्यात वडिलांच्या तिरडीचे बांबू मीच निवडले, एकेक वाकवून. कुणाला विचारावं लागलं नाही.