विचारून काढलेली मुळी

सुमरती गेल्याची बातमी मला कुणी आणली नाही; मीच ती बसमधून सौंसरला घेऊन आले. खिडकीबाहेर संत्र्याचे बगीचे जात होते आणि शेजारची बाई मला पाहुणचाराला जाऊन आलात का, असं विचारत होती... आम्ही दोघी इथल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सा. मी बिनलग्नाची, ती लवकर विधवा झालेली. इतकी वर्षं एकाच क्वार्टरमध्ये राहिलो. मी बौद्ध, ती गोंड. "दोघींलेबी देवळात जाचं नाई, तेवढाच येळ झोपाले भेटते," असं ती म्हणायची.

तिच्या पोटातली गाठ हाताबाहेर गेली तेव्हा डॉक्टरसाहेबांनी ट्रंककॉल लावून नागपूरला खाट मिळवली. बरी होणार नाही, पण थोडे दिवस जास्त मिळतील, म्हणाले. मला ते दिवस हवे होते. सुमरतीला हवं होतं पांढुर्ण्यापलीकडच्या डोंगरातलं तिचं गाव, बापाचं शेत आणि भुमका, म्हणजे त्यांचा पुजारी आणि वैद्यही. मी आपली तडजोड काढली. तिच्या तोंडून नाव ऐकलेली मुळी पांढुर्ण्याच्या बाजारातून आणली आणि तिच्या हातात दिली. तिनं ती हुंगली आणि हसली.

"काय वो कमल, इले इचारलं कोनं?"

त्यांच्याकडे आदल्या संध्याकाळी झाडाला तांदूळ वाहून आमंत्रण देतात, कुणासाठी हवं ते सांगतात आणि सकाळी मुळी काढतात. तेही आपल्याच जमिनीवर. न विचारता उपटलेलं औषध लागू पडत नाही म्हणे. मी चिडले. "जिंदगीभर लोकाइले सुया टोचल्या, अन् आता झाडपाला?"

"सुया बी आन ना सोबत. मी कुठं नाई म्हनून राहिली?"

मी ते सांगितलं तशी डॉक्टरसाहेबांनी नागपूरचा आग्रह सोडला आणि दुखणं थांबवायची इंजेक्शनं स्वतः बांधून दिली. संत्र्याच्या रिकाम्या मेटाडोरमध्ये गादी टाकून मी तिला गावी नेलं. तिच्या भावानं शेतातल्या मोहाच्या झाडाखाली जमीन सारवून ठेवली होती. म्हातारा भुमका मला म्हणाला, "सिस्टर, तुमची सुई पयले द्या. दुखनं थांबू द्या, मंग माही मुळी देतो." मुळीनं काय केलं ते मला सांगता येणार नाही. दुखणं सुईनं थांबलं, एवढं मला ठाऊक आहे. पण आमच्या वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडणारी बाई तिथे भावाशी बैलांवरून भांडत होती. तेही गोंडीत. क्वार्टरमध्ये तिच्या तोंडून त्या भाषेतला शब्द कधी ऐकला नव्हता, आणि आता मला एकही कळत नव्हता. तिच्या माणसांत मी परकी झाले होते. काय करावं सुचेना, म्हणून तिची नाडी धरून बसले.

"नाडी सोड वो," ती म्हणाली. "हात धर."

त्याच शेतात तिला पुरलं. तिचं बरोबर होतं, हे मी आता कुणालाही सांगेन. तरी नागपूरचे ते थोडे दिवस मनातून जात नाहीत. मला ती हवी होती, दुसरं काही नाही.

आमच्या ड्यूट्या उलटसुलट असायच्या, म्हणून घरी दोघींपैकी कुणीतरी असायचंच. कुलूप कधी लागलंच नाही. आता एक विकत आणलं आहे. ड्यूटीवरून आले की ते दाराला लटकलेलं समोर दिसतं... तरी मी आधी कडी वाजवते.