शेवटचा हात ड्रायव्हरचा

गाडीच्या मागच्या दाराबद्दल उस्ताद बोलायला लागले की ऐकणाऱ्याने आधी बसायला जागा शोधावी.

"दार कसं पाहिजे," ते हात आडवा फिरवत सुरुवात करायचे, "दार दारासारखं उघडलं पाहिजे. आपण घरात शिरतो तेव्हा दार वर जाऊन छताला चिकटतं का? नाही ना? मग?"

या 'मग'वर कुणाकडेच उत्तर नसायचं. उस्ताद तेच आपल्या बाजूने धरायचे आणि पुढच्या मुद्द्यावर घसरायचे.

उस्ताद म्हणजे गावच्या बचाव पथकाचे ड्रायव्हर. डोंगरात कुणाचा पाय मोडला, कुणी दरीकाठी अडकलं की पथक जायचं आणि माणसाला स्ट्रेचरवर घालून खाली आणायचं. देवाने उस्तादांना उंची देताना हात आखडता घेतला होता आणि रुंदी देताना मात्र सैल सोडला होता. ते सीटवर उशी ठेवायचे, उशीवर घडी घातलेली चादर, आणि तरी समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगच्या वर फक्त एक टोपी आणि दोन भुवया दिसायच्या. पण चढाला गाडी लागली की त्या भुवयांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा. बकऱ्या जिथे दोनदा विचार करतात तिथे उस्ताद गिअर बदलून शिट्टी वाजवायचे.

पथकाची जुनी जीप आता कायमची बसली होती. तिचं मागचं दार बाजूला उघडणारं, पाठीवर स्टेपनी घेतलेलं, बिजागरीत कुरकुरणारं. नवी गाडी घ्यायची ठरली आणि तिथेच उस्तादांची झोप उडाली. कारण आजकालच्या निम्म्या गाड्यांचं मागचं दार वर उघडतं. उघडलं की त्याची कड जाऊन बसते उंच, आणि उस्तादांचा हात पोचतो त्याच्या बराच खाली.

"मग काय झालं? दुसरा कुणी लावेल," असं परक्याला वाटेल. पण पथकाचे प्रमुख होते मास्तर. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, पण शिट्टी गळ्यातून निवृत्त झाली नव्हती. मागे एकदा घाईत कुणीतरी दार अर्धवट लावलं आणि घाटात ते उघडलं. पेशंट पट्ट्यांनी बांधलेला म्हणून राहिला, पण त्याचे बूट आणि सासूने दिलेला थर्मास दरीत गेले. बुटांचं त्याने काही मनावर घेतलं नाही, पण थर्मासबद्दल सासू पथकाच्या ऑफिसात येऊन जे बोलली, ते ऐकून मास्तरांनी त्याच दिवशी नियम केला.

"शेवटचा हात ड्रायव्हरचा!" शिट्टी. "दार दुसरा कुणी लावणार नाही. ज्याचा हात पोचेल तो ड्रायव्हर. नाही पोचणार तो फोनवर!" शिट्टी.

फोनवर बसणं म्हणजे काय ते उस्तादांना माहीत होतं. एकदा आजारपणात बसले होते. "हॅलो!" ते पलीकडच्या डोंगराला ऐकू जाईल असं ओरडायचे, मग डोंगरातला माणूस घाबरून फोन ठेवायचा, आणि मग त्याला शोधायला पुन्हा पथकच जायचं. शिवाय त्यांच्या जागेवर टपलेला पथकातलाच एक जण होता. दुधाची गाडी चालवणारा, हाडकुळा, लांबलचक, सगळे त्याला उंट म्हणायचे. पोरगा वाईट नव्हता. पण उभ्या उभ्या जीपच्या टपावरची धूळ पुसायचा, आणि ते उस्तादांना टोमण्यासारखं लागायचं.

म्हणून उस्ताद आडून आडून कामाला लागले. "वरचं दार आपल्या शेडच्या तुळईला आपटेल, मास्तर."

"मग गाडी बाहेर काढून उघडू."

"गॅसचे दांडे असतात त्याला. थंडीत ढिले पडतात. डोक्यात पडलं दार म्हणजे?"

"हेल्मेट घाला."

"आणि स्टेपनी कुठे ठेवणार? पोटाखाली? चिखलात झोपून काढायची?"

"तुम्हाला जमिनीजवळच बरं पडेल की," घरी हाच मुद्दा निघाला तेव्हा बायको म्हणाली. बायको पथकातली नर्स. नवऱ्यापेक्षा डोकं-दीड डोकं उंच, आवाज शांत, जीभ धारदार. पथकात सगळे तिला नर्सबाई म्हणायचे. घरात उस्ताद 'अगं' म्हणायचे. "अहो, पण खरं सांगा, दाराची काळजी आहे की हाताची?"

"हाताचा काय संबंध? हा सगळा टेक्निकल प्रश्न आहे."

"हो का? मग परवा शोरूममध्ये कशाला गेला होतात?"

"कोण म्हणतं गेलो होतो?"

नर्सबाईंनी फक्त चहा ढवळला. तिचं चहा ढवळणं एखाद्या वकिलाच्या उलटतपासणीसारखं असायचं.

निवडीचा दिवस उजाडला. शोरूमचा विक्रेता तीन गाड्या घेऊन जुन्या खाणीच्या उतारावर आला. बरोबर आणलेल्या पोरांना त्याने चहाला पिटाळलं आणि स्वतः टाय नीट केला. टाय असा घट्ट की आवाज अर्धा नाकातून येत होता. "नमस्काऽर सर, नमस्काऽर मॅडम. तिन्ही गाड्या फोर-व्हील, तिन्ही दणकट. फरक फक्त मागच्या बाजूला. एक साइडला उघडतं, एक वर उघडतं, आणि एकाचे दोन भाग, वरचा वर, खालचा फाळका खाली. ट्रकसारखा. आणि सर," तो उस्तादांकडे वळला, चेहरा उजळला, "सर, आपण त्या दिवशी आला होतात ना? वरच्या दाराला लटकला होतात! मी आमच्या मॅनेजरना म्हटलंसुद्धा, कस्टमर असा पाहिजे, बिजागरी तपासून घेणारा."

उंटाने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"हो," उस्ताद म्हणाले, "बिजागरीच तपासत होतो."

"उडी मारून?" नर्सबाई.

"झटका द्यावा लागतो तपासताना."

मास्तरांनी शिट्टी फुंकली. "गप्पा बंद! स्ट्रेचर काढा. पेशंट कोण?"

चारी जणांनी एकदम उस्तादांकडे पाहिलं. वजनाच्या बाबतीत पथकात दुसरा उमेदवारच नव्हता. आणि अशा रीतीने जन्मभर पुढच्या सीटवर बसलेला माणूस पहिल्यांदाच आडवा होऊन, छातीवर आणि मांड्यांवर पट्टे आवळून, गाडीकडे मागच्या बाजूने निघाला.

पहिली गाडी उस्तादांची लाडकी, बाजूला उघडणारी. सपाटीवर तिने कमाल केली. दार झोकात फिरलं, डोक्याच्या बाजूने स्ट्रेचर सुळकन आत गेलं. "बघा!" पट्ट्यांतून मोकळा असलेला एकच हात नाचवत उस्ताद ओरडले. "याला म्हणतात दार! वाकायला नको, चुकवायला नको! बंद करा, आवाज ऐका नुसता!"

"आता उतारावर," मास्तर म्हणाले.

गाडी नाक खाली करून उभी केली. दार उघडलं. एवढ्यात वरून बारीक पाऊस भुरभुरायला लागला आणि पेशंट तोंड उघडून सूचना देत असल्यामुळे त्यातला बराचसा त्यांच्या पोटात गेला. "डावीकडून घ्या... थू... उंटा, लेका, सरळ धर, दुधाचा कॅन नाही हा... थू..." स्ट्रेचर जेमतेम आत सरकत होतं आणि दाराने, पाठीवरच्या स्टेपनीच्या वजनाने आणि उताराच्या ओढीने, ठरवलं की आता मिटावं. अडकण सुटली. दार फिरत आलं आणि उस्तादांच्या तळव्यांवर येऊन धाडकन आदळलं.



"लागलं?" मास्तर.

"छे!" आतून आवाज आला, पण नेहमीपेक्षा बारीक. "कुठे काय? हलकं आहे दार. फुलासारखं."

नर्सबाईंनी बूट काढला. अंगठा टोमॅटो होऊन बसला होता.

"तो पहिल्यापासूनच तसा आहे," उस्ताद म्हणाले.

"लग्नाला एवढी वर्षं झाली, मला कधी दिसला नाही."

"तू पायाकडे कधी बघितलंस?"

दुसरी गाडी फाळक्याची. फाळका खाली पडताच त्याचं बाकडं झालं आणि मास्तर त्यावर बसून म्हणाले, "वा! चहा प्यायला उत्तम." उंटही टेकला. विक्रेता म्हणाला, "सर, हळू, कंपनीचा फाळका आहे." पण स्ट्रेचर आत घालायची वेळ आली तेव्हा तोच फाळका मधे आडवा. जवळ जाता येईना. लांबून हात ताणून ढकलायचं, म्हणजे भट्टीत पाव सरकवतात तसं. पाव अर्धा आत गेला, उतारावर वजन मागे आलं असं वाटून मास्तरांनी जोर लावला, आणि उस्ताद भरधाव आत जाऊन पुढच्या सीटच्या पाठीवर टोपीसकट थडकले. बाहेर मास्तर गुडघा धरून एका पायावर नाचत होते. फाळक्याची कड बरोबर वाटीवर लागली होती. शिट्टी तोंडातच होती, त्यामुळे प्रत्येक उडीबरोबर ती आपोआप वाजत होती.

तिसरी गाडी. वर उघडणारी. उस्तादांनी डोळे मिटून घेतले. मनातल्या मनात ते म्हणत होते, पड बाई, पड, डोक्यात पड, कुणाच्याही पड. दार वर गेलं आणि तिथेच थांबलं. स्ट्रेचर त्याच्या खाली आलं. चेहऱ्यावरचं भुरभुरणं एकदम थांबलं. उस्तादांनी एक डोळा उघडला. वर छप्पर होतं. दोन्ही बाजूंना मोकळी जागा, उंट एकीकडे, विक्रेता दुसरीकडे, कुणी कुणाला धक्का न लावता आले आणि स्ट्रेचर आत गेलं. ना पाऊस, ना धडक, ना पायाला काही. दुखणाऱ्या अंगठ्यालासुद्धा जरा बरं वाटलं.

आणि याच गोष्टीचं उस्तादांना रडू यायला लागलं.

नर्सबाई आत चढून शेजारी बसली. मास्तर लंगडत मागे येऊन उभे राहिले. "माझं मत फाळक्याला होतं, पण गुडघा नाही म्हणतो. नर्सबाई?"

"वरचं दार. पेशंट कोरडा राहतो."

"उस्ताद? तिन्ही गाड्यांत आडवे झालात. पेशंट म्हणून सांगा."

उस्ताद बराच वेळ छताकडे बघत राहिले. बोलणं असं तुंबलेलं त्यांचं कुणी पाहिलं नव्हतं. उंटसुद्धा आत डोकावला. मागे विक्रेत्याने टाय ढिला केला.

"माझा पाय धड होता," उस्ताद शेवटी म्हणाले. "तरी दार लागलं तेव्हा डोळ्यांपुढे तारे चमकले. डोंगरावरून आपण ज्याला आणतो त्याचा पाय मोडलेलाच असतो." मग घसा साफ करून, "वरचं घ्या. उंटाला सांगा, क्लच हळू सोडायचा. आणि त्या फोनची वायर लांब करून घ्या, मला उन्हात बसायला आवडतं."

मास्तरांनी शिट्टी उचलली, पण फुंकली नाही.

पावसाने जोर धरला. तिरपा शिंतोडा आत यायला लागला तशी नर्सबाई उठली, कडेला गुडघे टेकून बाहेर झुकली, आपला लांब हात वर घालून दाराच्या आतल्या खोबणीत बोटं अडकवली आणि दार खाली ओढलं. "पेशंट भिजतोय," एवढंच म्हणाली आणि हात आत घेतला. दार हळूहळू खाली आलं आणि अर्ध्यावर, मास्तरांच्या कमरेशी, डुलत थांबलं. मास्तरांनी लावायला हात पुढे केला.

"थांबा!" आतून फोनवरचा आवाज आला, तोच, पलीकडच्या डोंगराला ऐकू जाणारा. "हात लावाल तर याद राखा! सोडा मला! हे पट्टे सोडा आधी! उंटा, काय बघतोस!"

पट्टे सुटले. उस्ताद एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता टोमॅटो, असे रांगत दाराखालून बाहेर आले, चिखलात उभे राहिले, ताठ झाले. दार बरोबर त्यांच्या छातीशी होतं. त्यांनी तळहात टेकवला आणि दिलं ढकलून. धप्प.

"मास्तर," ते धापा टाकत म्हणाले, "शेवटचा हात कुणाचा?"

मास्तर नियमाचे पक्के. पावसात उभं राहून त्यांनी नियम मनात पुन्हा एकदा म्हटला, ओठ हलताना दिसले. पहिल्या हाताबद्दल त्यात काही नव्हतं. "ड्रायव्हरचा," त्यांनी कबूल केलं, आणि मग काय ती शिट्टी!

आता नवी गाडी घाटात दिसली की लोक थांबवून चौकशी करतात. उस्ताद टोपी मागे सारून सांगतात, "दार एकदम ऑटोमॅटिक. बटण नाही, रिमोट नाही. नुसतं 'अगं' म्हटलं की खाली येतं."

"अगं नाही," आतून आवाज येतो, "नर्सबाई म्हणायचं. मी ड्युटीवर आहे. नाहीतर राहू दे तसंच वर."

"नर्सबाई," उस्ताद म्हणतात, आणि दार खाली येतं.