धरणावरची संत्र्याची रोपं

सौंसरजवळच्या एका मातीच्या धरणाची उंची वाढवायची होती. मोजणीसाठी मी आठवडाभर तिथे होतो. चौकीदाराचं नाव मी विचारलं नाही, त्यानेही माझं विचारलं नाही. मी साहेब होतो, तेवढं त्याला पुरे होतं.

जामसांवलीहून दर्शन करून परतणारे लोक धरणावर बसून संत्री खात आणि बिया उतारावर थुंकत. त्यांची रोपं उगवत. हा माणूस रोज सकाळी उकिडवा बसून, सरकत सरकत, ती मुळासकट उपटायचा.

"झाड मेलं का मुळाच्या जागी भोक राह्यते साहेब. तिथून पानी वाट काढते."

आमच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात एवढंच सांगायला चार पानं लागली आहेत.

उपटलेली रोपं मात्र तो फेकत नसे. धरणापासून लांब, आपल्या खोलीमागे त्याने ती लावली होती. त्यांतली अकरा जगली होती आणि यंदा पहिल्यांदाच फुलली होती.

मातीचं धरण उंच करायचं तर त्याचं बूडही पसरावं लागतं. शेवटच्या दिवशी मी नव्या बुडाच्या कडेची खुंटी ठोकली. ती झाडांच्या पलीकडे गेली. त्याने खुंटी पाहिली, झाडं पाहिली.

"म्हंजे हे आता धरणावर आले," म्हणाला, आणि खोलीतून कुदळ घेऊन आला.

"अहो, थांबा! नुसत्या मंजुरीलाच पाच-सहा वर्षं जातील."

त्याने पहिल्या झाडाच्या बुडाशी कुदळ घातली.

"मुळं का मंजुरीची वाट पाहत बसतेत, साहेब?"