पहाटे चारची बया

पहाटे चारला मामांच्या पापणीवरून ओली, खरखरीत जीभ फिरली. त्या जिभेला वास होता. आदल्या संध्याकाळच्या मासळीचा, आणि त्यामागून आणखी कसला तरी, ज्याचा विचार न केलेलाच बरा. मांजर आपली जीभ कुठे कुठे फिरवतं, हे मामा दोन वर्षं रोज बघत होते. डोळे मिटूनच त्यांनी उशाशी हात घातला, डबा उघडला, मूठभर कोरडं खाणं जमिनीवर फेकलं, आणि मग बोटांना लागलेला तेलकटपणा धुवायला खोलीलगतच्या न्हाणीघरात गेले. हात दोनदा धुतले, तोंड धुतलं, पापण्या साबणाने धुतल्या. एवढं धुतल्यावर झोप कसली उरते. मग साडेपाचपर्यंत छताकडे बघत पडायचं आणि त्या मांजराचा उद्धार करायचा, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम.

मामा गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कटर होते. कारखान्यात त्यांना सगळे मामा म्हणत, गल्लीनेही तेच उचललं, आणि बायको ओघाने मामी झाली. काम जोखमीचं. लांबलचक टेबलावर कापडाचे नव्वद-नव्वद थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचे नमुने मांडून खडूने आखायचं, हातात पोलादी जाळीचा मोजा चढवायचा आणि उभ्या पात्याचं मशीन त्या रेघेवरून चालवायचं. शिवण चुकली तर उसवता येते. कापड एकदा कापलं की कापलं. बावीस वर्षांत मामांची रेघ कधी हलली नव्हती, आणि ही गोष्ट ते अधूनमधून लोकांच्या कानावर घालत असत.

या माणसाला किळस फार. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी चालायचं नाही. कारखान्याच्या खानावळीचं दार त्यांनी बावीस वर्षांत ओलांडलं नव्हतं, कारण तिथलं फडकं त्यांनी एकदा पाहिलं होतं. आणि रात्रीचं अन्न सकाळी समोर आलं तर त्यांना ओकारीच येई. डब्यात जे असेल ते त्याच सकाळी केलेलं हवं, हे त्यांनी लग्नानंतर आठवड्याच्या आत मामींना सांगून टाकलं होतं. तेव्हाच्या नोकरीलाही, आताच्यासारखीच, सहाची बस असायची. त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

अशा घरात मांजर आलं ते मुलीच्या कृपेने. तिने लग्नानंतर घर बदललं आणि सामान लागेपर्यंत, फक्त आठ दिवसांसाठी, ते इथे आणून सोडलं. सामान दोन वर्षं लागतंच आहे. मुलीचा फोन आला की आधी बाळीची चौकशी, मग आईच्या गुडघ्यांची, आणि वेळ उरला तर बाबांची. बाळी हे मुलीने ठेवलेलं नाव. मामा तिला 'ती बया' म्हणत. ही बया केसांचे ओले गोळे ओकायची ते घरभर एवढी मोकळी फरशी सोडून मामांच्या चपलेत. चपलेत पाय घातल्यावर बोटांमध्ये ते कोमट काहीतरी चेपलं जाई, आणि मामांना दिवसभर आपला उजवा पाय आपला वाटत नसे. मामींचं म्हणणं एकच, मुकं जनावर आहे. मामांच्या मते मुकं सोडून ते दुसरं काहीही होतं.

हे असंच चाललं असतं. पण एका बुधवारी शिलाईच्या ओळीतली एक बाई दोन्ही हातांत दोन बाह्या घेऊन मामांच्या टेबलाशी आली आणि त्या तिने समोर ठेवल्या. मामांनी त्या एकीवर एक ठेवून पाहिल्या. उलट-सुलट बाजू असलेल्या कापडाचे थर अंथरले की बाहीचा नमुना एकदा सरळ मांडायचा आणि एकदा पालथा. म्हणजे एक डावी निघते, एक उजवी. नवा शिकणाराही पहिल्या आठवड्यात हे शिकतो. मामांनी डोळ्यांवर झापड असताना तो दोन्ही वेळा सरळच मांडला होता. एकशे ऐंशी बाह्या निघाल्या, सगळ्या डाव्या.

मालकीणबाईंनी आवाज चढवला नाही, तेच मामांना जास्त लागलं. त्यांनी सांगितलं की दोन आठवड्यांनी इस्पितळाच्या कोटांचं कापड येतंय, महाग आहे, जादा एक वारही मिळणार नाही. "मामा, ते कापणं तुम्हाला झेपत नसेल तर आत्ताच सांगा. घडीच्या टेबलावर माणूस हवाच आहे." घडीच्या टेबलावर तयार कपड्यांच्या घड्या घालून पिशव्यांत भरतात. तिथे बसणाऱ्याला कुणी मामा म्हणत नाही, हाकच मारत नाही. मामांनी सांगितलं, झेपेल.

त्या संध्याकाळी ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बयेला टोपलीत घालताना तिने मनगटावर ओरखडा काढला, आणि वाटेत टोपलीत जे केलं त्याचा वास मामांच्या सदऱ्याला चिकटला तो चिकटलाच. डॉक्टरीणबाईंनी मांजर तपासलं, धडधाकट आहे म्हणाल्या, आणि मग मामांनाच तपासायला घेतलं. ती उठवते तेव्हा तुम्ही काय करता? मामांनी डब्याचं सांगितलं. बाई हसल्या.

"अहो, चारला न्याहारी असते हे तुम्हीच शिकवलंत तिला. आता ती पोटातल्या घड्याळावर येते."

उपाय त्यांनी सरळ सांगितला. उशाशी डबा नको. झोपायच्या आधी तिला दोरीमागे पळवायचं आणि मग पोटभर घालायचं. पहाटे आली की उठायचं नाही, बोलायचं नाही, ढकलायचं नाही, शिवीसुद्धा द्यायची नाही, कारण शिवी दिली तरी माणूस जागा झाला एवढं तिला कळतं. आधी ती जास्त त्रास देईल, मग आठ-दहा दिवसांत सोडून देईल. मात्र खाणं रोज एकाच वेळी, उजाडल्यावर. घरात सगळ्यांनी पाळायला हवं, असंही त्या म्हणाल्या, पण मामा तोवर सदऱ्याचा वास घेण्यात गुंतले होते.

पुढचे सात दिवस मामांनी जे सोसलं ते शत्रूवर येऊ नये. साठीला आलेला माणूस रात्री दोरी ओढत घरभर फिरायचा. पहाटे चारला बया छातीवर चढायची. जीभ पापणीवरून नाकपुडीत जाई. एकदा तर तिने शेपटीकडची बाजू थेट त्यांच्या ओठांपाशी आणून टेकवली आणि तिथेच बसली, आणि मामा श्वास रोखून ओंडक्यासारखे पडून राहिले. पांघरूण डोक्यावरून घेतलं की ती वरून तुडवायची. दहा-पंधरा मिनिटांनी ती आपणहून निघून जाई. मामांना वाटे, जिंकलो. पण दुसऱ्या दिवशी चारचा ठोका चुकत नव्हता, आणि कोटांचं कापड यायला आठवडा राहिला होता.

आठव्या पहाटे बया छातीवरून उतरली तशी मामांची सहनशक्ती संपली. ही जाते कुठे, हे बघायला ते तिच्यामागे गेले. बाहेरच्या खोलीतला मामींचा बिछाना रिकामा होता. मामी तिथे झोपत, आपल्या उठण्याने यांची झोपमोड नको म्हणून. पहाटे भांडी वाजतात हे मामांना माहीत होतं, पण पंखा वाजतो तशी ती वाजत, त्यात विचार काय करायचा. स्वयंपाकघरात दिवा लागला होता. एका शेगडीवर डब्याची भाजी शिजत होती, आणि मामी खाली बसून बयेला बोटांनी मासळी भरवत होत्या. मासळीचा लगदा नखांपर्यंत माखला होता, आणि बया ती बोटं चाटत होती. त्याच हातांनी आपला डबा होतो, हे मामांच्या लक्षात आलं आणि त्यांनी भिंतीला हात टेकला.

"अगं, काय करतेस हे? उठायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय," मामा म्हणाले.

"ते तुम्हाला सांगितलंय," मामी म्हणाल्या. "मी नाही उठले तर डबा कोण करणार? आणि मी उठले की ही पायात येते. पायात मांजर घेऊन स्वयंपाक करू? देते नि मोकळी होते."

मामांनी विचारलं, किती वाजता उठतेस. मामींनी जरा नवलाने वर पाहिलं.

"चारला. सत्तावीस वर्षं झाली. तुम्हाला रात्रीचं चालत नाही ना."

मग मामींनी हात धुतले आणि साधंच विचारलं, रात्रीच करून ठेवू का, शिळं चालेल का? शिळं हा शब्द ऐकूनच त्यांच्या जिभेवर पाणी जमा झालं, वाईट अर्थाने. त्यांना घडीचं टेबल दिसलं. ते म्हणाले, चालेल.

चाललं मात्र नाही. पहिल्या दिवशी डबा उघडला तर भाजीवर तेलाचा गारठलेला पापुद्रा होता. मामांनी एकेक घास पाण्याबरोबर ढकलला आणि पाण्यासकट सगळं वर येतंय असं वाटून तोंडावर रुमाल धरला. दुसऱ्या दिवशी तेच. पण आता पहाटे घरात कुणीच उठत नव्हतं. बयेने तीन दिवस रडून घर डोक्यावर घेतलं, चौथ्या दिवशी पाच मिनिटं येऊन गेली, आणि सहाव्या दिवशी आलीच नाही. साडेपाचच्या गजरालाच मामांना जाग आली. कोटांचं कापड त्यांनी अंथरलं, नमुना एकदा सरळ, एकदा पालथा मांडला, तीनदा मोजला आणि कापला. मालकीणबाईंनी वरची बाही आणि खालची बाही जुळवून पाहिली, मान हलवली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून गजर लावला नव्हता. मामा सातला उठले आणि चहासाठी बाहेर आले. खिडकीतून चांगलं ऊन आलं होतं. मामी कुशीवर झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, एक हात बिछान्याबाहेर. सत्तावीस वर्षांत मामांनी बायकोला उजेडात झोपलेलं पाहिलं नव्हतं. केस किती पांढरे झालेत, हेही त्यांना तेव्हाच दिसलं. पण चहाची तल्लफ आली होती. ते तिच्या उशाशी जाऊन उभे राहिले.

"अगं," ते म्हणाले. ती हलली नाही. त्यांनी खांद्याला बोट लावलं. "अगं, चहा."

मामींनी डोळे उघडले नाहीत. पण बाहेरचा हात लगेच पांघरूण बाजूला सारू लागला, आणि त्या झोपेतच पुटपुटल्या, "उठते हं. झालाच डबा."

मामांनी बोट मागे घेतलं. किळस त्यांना जन्मभराची ओळखीची होती, पण आजवर ती नेहमी दुसऱ्या कुणाची यायची. आत्ता ती स्वतःची आली, आणि धुवायला कुठे जावं ते कळेना.

"झोप तू," ते हळू म्हणाले. "आज सुट्टी आहे."

ते पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले आणि चहाची पूड कोणत्या डब्यात असते ते शोधू लागले.