मोसंबीच्या बागेत गेलेले माझे आऊट

ज्या माणसाने मला टीममधून काढलं होतं, तो माणूस आज सकाळी गेला.

तौर सर. आमच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे.

स्टॅटिस्टिक्सच्या सरांचा आणि टीमचा काय संबंध, असं तुमच्यातले बरेच जण विचारतील. म्हणून सांगतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पिंपळगाव रेणुकाईहून जालन्याला शिकायला आलो होतो. क्रिकेटच्या टीममध्ये मला घेतलं नाही. त्याच वर्षी विद्यापीठाने बेसबॉलच्या स्पर्धा ठेवल्या आणि क्रिकेटने नाकारलेल्या आम्हा सगळ्यांची एक टीम झाली.

कोच मिळेना. सर म्हणाले, "मी येतो. खेळता येत नाही, पण मोजता येतं."

सरांनी आयुष्यात बॅट धरलेली नव्हती. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून, मान खाली घालून ते लिहीत बसायचे. कोणाचा फटका लागला, कोण बेसवर पोचला, कोण आऊट.

शनिवारी फळ्यावर प्रत्येकाची सरासरी. शेजारी पुढच्या आठवड्याचा अंदाज. कोण चालणार, कोण नाही.

अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. खरा वैताग तोच होता.

"सर, आमच्या परीक्षेचाही अंदाज सांगा ना," आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बद्री म्हणायचा.

"तुझा सांगायला स्टॅटिस्टिक्स लागत नाही, बाबा."

मग औरंगाबादला जाणाऱ्या टीमची नावं लागली. त्यात मी नव्हतो.

"सर, माझं नाव न्हाई."

"नाही. तुझी सरासरी सगळ्यात खाली आहे."

"पण मी जोरात मारतो, सर."

"जोरात मारतोस आणि आऊट होतोस."

आकडे खोटे नव्हते. मी खरंच आऊट होत होतो.

घरी मात्र सांगून बसलो होतो की मी कॉलेजकडून खेळणार. आधी क्रिकेटमधून काढलं, आता इथूनही. आता बॅटला हात लावायचा नाही, असं त्या रात्री ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नुसता बघायला मैदानावर गेलो होतो, तेव्हा किसनमामा आले. मैदानाला लागून त्यांची मोसंबीची बाग होती. खांद्यावर खताची जुनी गोणी. ती त्यांनी सरांच्या खुर्चीपुढे उपडी केली.

चेंडू. नुसते चेंडू.

"सर, डाव्या हातानं मारणारं पोरगं कोणतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"याला बंद करा बरं. झाडाला फळ धरलंय, अन् हा रोज झोडपून राह्यला."

सर चेंडूंकडे बघत राहिले. "मामा, हे सगळे याचेच?"

"मंग काय माझे? बाकीचे पोरं रस्त्याकडं मारतेत. ह्यो एकटाच इकडं."

"किती आत येतात?"

"पार विहिरीपर्यंत. काल म्हैस बिचकली माझी."

सरांचा चेहरा खुलला. त्याने मामा आणखीच तापले. "सर, मी तक्रार करून राह्यलो."

"बिलकुल. चला, विहीर दाखवा मला."

गोष्ट अशी होती. बागेला बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि आमच्याकडे चेंडू कमी. म्हणून गल्लीतल्या क्रिकेटचा नियम आम्ही इथेही लावला होता: चेंडू बागेत गेला की मारणारा आऊट.

बेसबॉलमध्ये कुंपणापार गेलेला चेंडू म्हणजे होमरन. त्याहून मोठं त्या खेळात काही नाही.

बाकी सगळे उजवे. त्यांचे फटके रस्त्याकडे जायचे. मी एकटा डावरा, माझा प्रत्येक चांगला फटका बागेत. पोरं "आऊट" म्हणायची, सर आऊट लिहायचे. आणि मलाही वाटायचं, आपण कच्चे आहोत.

सर परत आले ते बुटांना चिखल आणि हातावर काट्यांचे ओरखडे घेऊन. सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चुकलं. मी याला मोजतच नव्हतो. बागेला मोजत होतो."

दोन दिवसांनी नवी नावं लागली. मी टीममध्ये. बॅटिंगला चौथा. आणि किसनमामांसाठी आमची खेळायची दिशा बदलली.

औरंगाबादला पहिल्या दोन्ही वेळा मी चेंडू हळूच डावीकडे ढकलला आणि आऊट झालो. उजवीकडे बाग आहे, ही धास्ती अजून मनातून गेली नव्हती. तिसऱ्या वेळी सर खुर्चीवरून उठून आले.

"बाबा, इथे कोणाची बाग नाही. जाऊ दे लांब."

गेला. दोघे बेसवर होते, आम्ही तिघेही फेरी पूर्ण करून 'होम'ला आलो. तीन रन.

सामना हरलोच. तसा अंदाज सरांनी जातानाच एसटीत सांगितला होता. तो बरोबर आला म्हणून परतीच्या वाटेवर सगळ्यांना भजी त्यांच्याकडून.

एक शंका मात्र मला कित्येक वर्षं पोखरत होती. सरांनी मला खरंच आकडे बघून घेतलं, की माझा पडलेला चेहरा बघून? कोणी कीव केलेली मला नको होती. आणि विचारायची हिंमतही नव्हती.

गेल्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा विचारलं. सर थकले होते, डोकं मात्र तल्लख.

"आकडे बघूनच. नव्या हिशोबात तू बरोबर बसत होतास."

मी सुटलो.

"पण चौथा नाही. सहावा."

"मग चौथ्यावर का पाठवलं, सर?"

सर थोडे लाजले, असं मला वाटलं.

"मी मान खाली घालून लिहायचो रे. तुझा एकही फटका बघितला नव्हता. म्हटलं, लवकर बघायला मिळावा."

दुपारी जुन्या जालन्यातून सरांची अंत्ययात्रा निघणार आहे. बद्री पुण्याहून निघालाय. मीही वाटेत आहे.

सर, तुमच्या टीमकडून शेवटचा नमस्कार.