पत्र्याला कान लावणारे अंकल

गाडीजवळ आले की ते मालकाकडे बघायचेच नाहीत. उजव्या हाताचं बोट वाकवून दारावर टकटक करायचे, मान तिरकी करून कान पत्र्याजवळ न्यायचे आणि वीतभर पुढे सरकून पुन्हा टकटक. एखाद्या जागी आवाज बसका आला की सरळ उभे राहायचे. "इथे लागलीय. आत पुट्टी भरलीय." मालक कितीही समजावत असला तरी पुढचं वाक्य ठरलेलं. "ही नको."

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या छापखान्यात मी काम करतो, त्याच्या समोरच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. ते मरोळ गावठाणातलेच, घरात मराठी बोलणारे ख्रिश्चन. साठी उलटलेली, एकटे. त्यांना सगळे अंकल म्हणायचे, मीही. जुनी गाडी घ्यायच्या आधी त्यांना दाखवायची, अशी आमच्या भागात रीतच होती. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याचं मत विचारायला आपणच जातो आणि त्याने ते दिलं की आपल्यालाच राग येतो.

माझी मुलगी मधुरा तेव्हा बावीस वर्षांची होती. मनोरजवळ एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये तिला नोकरी लागली. आम्ही बोरिवलीला राहतो. म्हणजे रोज साठ-पासष्ट किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं, ते ट्रेलर आणि कंटेनर धावणाऱ्या हायवेने. दोन महिने तिने तीन-तीन वाहनं बदलून काढले. जेवता जेवता तिचे डोळे मिटायचे. शेवटी म्हणाली, "पप्पा, गाडी घेऊ नाहीतर मी नोकरी सोडते." नवी गाडी आमच्या आवाक्यात नव्हती आणि तिचं लायसन्स जेमतेम सहा महिन्यांचं होतं.

मी अंकलना सांगितलं. त्यांनी किमतीचं विचारलंच नाही. "पोरगी हायवेला चालवणार?" एवढंच विचारलं, आणि बराच वेळ हात पुसत राहिले.

पहिली गाडी चकचकीत होती. अंकलनी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला आणि टोकाला वाळलेल्या चिखलाची रेघ दाखवली. "पाण्यात बुडालेली आहे. ही नको." दुसऱ्या गाडीचे किलोमीटर मागे फिरवलेले होते. तिसरीत एअरबॅगच्या जागी नुसतं झाकण होतं. अशा पाच गाड्या गेल्या. सहावी मालाडच्या एका एजंटकडची, लाल. मधुरा आत बसली, आरसा नीट केला, आणि मला वाटलं, झालं एकदाचं. अंकल डिकीत वाकले होते ते बाहेर आले. "ही नको."

"सगळ्याच नको तर चालवू काय, अंकल?" मधुराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

अंकल पुढे गेल्यावर एजंट माझ्या कानाशी आला. "त्यांना विचारा ना, अंधेरीच्या त्या पोराला कुठली गाडी पास केली होती ते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी विचारलं. वाटलं, चिडतील. ते मला गॅरेजच्या मागे घेऊन गेले. भिंतीला गाडीच्या तळाचा कापलेला तुकडा टेकवून ठेवला होता. त्याच्या मधोमध वेल्डिंगची गंजलेली रेघ होती.

"दोन गाड्या कापून एक केलेली," अंकल म्हणाले. "मी पास केली. घरी सण होता, पाहुणे आलेले, घाईत होतो. मागचं कार्पेट उचललं नाही."

"आणि तो मुलगा?"

"आहे. अपघातापासून उजवा हात वर जात नाही त्याचा." तुकड्यावरची धूळ पुसत म्हणाले, "त्याची आई मला एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं."

त्यानंतर मी त्यांना घाई केली नाही.

सातवी गाडी मुलुंडच्या एका निवृत्त शिक्षिकेची होती. छोटी, मातकट रंगाची. अंकल दोन तास तिच्याभोवती फिरले, खाली सरपटले, सगळी कार्पेटं उचलली, प्रत्येक दारावर टकटक केली. मग म्हणाले, "ही घे."

मधुराने नाक मुरडलं. "हा रंग?"

"बेटा, ब्रेक बघ, बेल्ट बघ. दोन्ही एअरबॅग जागेवर आहेत. मला रंगाचं नको विचारू."

पाचेक आठवड्यांनी, रविवारी सकाळी, अंकल न कळवता आमच्या सोसायटीच्या गेटवर आले. हातात हत्यारांची पिशवी. मला बघून म्हणाले, "गाडी खाली आहे ना? परत बघायचीय."

मी कारण विचारलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. "डॉक्टरकडे गेलो होतो. डावा कान गेलाय. उजवा अर्धाच. बोलले, वर्ष तरी झालं असेल. तुझी गाडी मी त्याच कानांनी ऐकली."

पाच आठवडे माझी मुलगी त्या गाडीतून हायवेने जात होती. "अंकल, तुम्हाला इतके दिवस कळलं नाही?" माझा आवाज चढला. त्यांना तो किती पोहोचला कोण जाणे. तोवर ते गाडीत वाकून सीटचे बोल्ट काढायला लागले होते.

मधुरा घरातल्या कपड्यांतच खाली आली. सगळं ऐकून घेतलं, माझ्यासारखी चिडली मात्र नाही. त्यांच्यासमोर जाऊन मोठ्याने म्हणाली, "अंकल, मी वाजवते. कुठे ते दाखवा."

मग ते बोट ठेवायचे, ती टकटक करून कान लावायची.

"कसा येतो?"

"खणखणीत."

"इथे?"

"तसाच."

डाव्या मागच्या दाराशी ती थांबली. पुन्हा वाजवलं. माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "इथे बसका आहे."

त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी पात्याने रंग खरवडला. खाली पुट्टीचा पातळ थर, त्याखाली तळहाताएवढा पोचा. मग तासभर ते गाडीखाली होते. प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं. बाहेर आले तेव्हा शर्ट काळा झाला होता.

"फक्त दार आहे. बाकी गाडी शाबूत. चालव बिनधास्त."

मी लगेच सगळ्यांसाठी चहा मागवला. ते कठड्यावर बसले होते. "पण हे माझ्याकडून सुटलं ना," म्हणाले. त्यांचा चहा तसाच निवला.

त्यानंतर गॅरेज उघडलं नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने सांगितलं, की वर्षभरात पास केलेल्या प्रत्येक गाडीच्या घरी अंकल पिशवी घेऊन जाऊन आले. दोघांनी दारातूनच परत पाठवलं. त्यातल्या एकाने पोलिसांची धमकी दिली. त्या दोन घरांसमोर ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले होते. मग वसईला बहिणीकडे राहायला गेले.

मधुरा कधी कधी शनिवारी येताना हायवे सोडून त्यांच्याकडे वळते. गेल्या महिन्यात मीही तिच्याबरोबर होतो. आता त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलावं लागतं. त्या रविवारी आवाज चढवल्याबद्दल मी माफी लिहिली. त्यांनी वाचली, ओल्या फडक्याने पुसली आणि मधुराला विचारलं, "टायर कधी बदलणार?"

निघताना ते रस्त्यापर्यंत आले. गल्ली अरुंद, गाडी उलटी काढायची होती. अंकल रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि मधुराला हाताने खुणा करू लागले, ये, ये, अजून ये. त्यांच्या पाठीशी एक टेम्पो येऊन थांबला आणि हॉर्न वाजवू लागला. मी काच खाली करून ओरडलो, मग आठवलं आणि गप्प बसलो. टेम्पोवाला वाजवत राहिला. अंकल तिथून हलले नाहीत. मधुराची गाडी पूर्ण वळून सरळ होईपर्यंत त्यांचा हात वरच होता.