कड्यातलं भगदाड
धुळ्याच्या बाजारात सुकटीचा वास आला, की मला कोकणातला तो काळा कडा आठवतो. माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, मुलगा कॉलेजच्या सहलीत तिथल्या खडकावर उभा होता आणि लाटेनं त्याला ओढून नेलं. नंतर कित्येक महिने अक्का भेटेल त्याला एकच विचारायची, “त्याले दगड धरता नही उना का?” शेवटी मी तिला तिथे घेऊन गेलो. आभाळ भरून आलं होतं, पायाखालचं शेवाळ निसरडं होतं आणि समोरच्या कड्याला आरपार भगदाड पडलं होतं. “हाई कोनी फोडं?” तिनं विचारलं. मी शाळेत भूगोल शिकवतो, तसंच सांगत गेलो, “लाटांनीच. फटीत पाणी शिरतं, आतली हवा दाबली जाते, फट वाढत जाते. हजारो वर्षं हेच चाललंय.” तेवढ्यात एक लाट कड्यावर आपटली आणि आम्ही दोघंही दचकून मागे सरलो. अक्का बराच वेळ त्या भगदाडाकडे पाहत राहिली. मग मटकन खाली बसली. “इतला मोठा दगड फुटी जास, मंग मना पोऱ्या कसा टिकी?” म्हणाली आणि मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. त्याला दगड का धरता आला नाही, हा प्रश्न तिनं पुन्हा कधी कुणाला विचारला नाही. मी मात्र वर्गात लाटांनी कडे झिजण्याचा धडा आला, की अजूनही तो स्वतः न शिकवता पोरांना मनातल्या मनात वाचायला सांगतो.